क्लोझापिन सुरू करायचं आहे; घरात हे औषध सांभाळलेल्यांची मदत हवी

नमस्कार. धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. आधी रिस्पेरिडोन, मग ओलान्झापिन, दोन्ही पूर्ण डोसमध्ये पुरेसा काळ देऊन झाली. गोळ्या मी समोर उभी राहून देते, त्यामुळे चुकण्याचा प्रश्न नाही. तरी त्याला ऐकू येणारे भासाचे आवाज थांबलेले नाहीत. जेवताना मध्येच घास हातात राहतो, मान खिडकीकडे वळते आणि "मी नाही केलं ते" असं पुटपुटत बसतो. बघवत नाही हो.

आता डॉक्टर क्लोझापिन म्हणतायत. दोन औषधांनी गुण आला नाही की हेच देतात म्हणे. बाकीची औषधं मुख्यतः मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचे डी-२ रिसेप्टर, म्हणजे ते जिथे चिकटतं त्या जागा, अडवतात. हे तिथे सैलसर बसतं, तरी इतरांनी हात टेकले तिथे लागू पडतं. अमेरिकेतल्या १९८८च्या अभ्यासात अशाच रुग्णांपैकी ३० टक्के सुधारले, क्लोरप्रोमाझिन या जुन्या औषधावर जेमतेम ४ टक्के. पण १९७५ मध्ये फिनलंडमध्ये याच औषधाने पांढऱ्या पेशी घटून रुग्ण दगावले होते. म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्ततपासणी. हे ऐकल्यापासून आईने "नकोच ते" असा धोशा लावलाय.

तालुक्याच्या गावात दर आठवड्याचं सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) कसं जमवलंत? बाकी त्रास काय होतात? भाऊ सिगारेटही खूप ओढतो, त्याने काही बिघडतं का?

प्रतिसाद:
ताई, माझा मुलगा याच गोळीवर आहे. लॅबचा मुलगा सकाळी घरी येऊन रक्त नेतो, रिपोर्ट डॉक्टरांच्या व्हॉट्सॲपवर जातो. आईंना सांगा, धोका वेळेत पकडण्यासाठीच ती तपासणी आहे. मधे ताप आला, घसा दुखला तर क्रोसिनवर भागवू नका, ती पांढऱ्या पेशी घटल्याची खूण असू शकते; त्याच दिवशी डॉक्टरांना कळवून सीबीसी करा.

लाळ गळते, उशीवर टॉवेल टाकतो आम्ही. जपायचं ते बद्धकोष्ठतेला. आतडी मंदावून जिवावर बेतू शकतं, म्हणून पोट साफ झालं का हे मी रोज विचारतो, तो चिडला तरी.

सिगारेटचं डॉक्टरांना आधीच सांगा. धुरामुळे हे औषध शरीरातून लवकर निघून जातं, त्यामुळे त्याने अचानक सोडली तर त्याच डोसमध्ये रक्तातली पातळी चढते. आणि गोळीत दोन दिवसांचा खंड पडला तर जुना डोस आपल्या मनाने देऊ नका. डॉक्टर पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून चढवतात.