हॉलमध्ये सुई कोणाची?

रविवार, २४ मे

आर्याची आई, ए-२०३ (९:०४)
हॉलच्या सतरंजीत आत्ता लांब सुई सापडली. टोक वर. दहा वाजता संस्कारवर्गाची मुलं तिथे अनवाणी बसणार आहेत. नाव घेत नाही, ज्यांची आहे त्यांना कळलं असेलच.

बी-३०१ वहिनी (९:०९)
माझीच आहे. सॉरी सॉरी. काल रात्री गोधडी आवरताना राहिली. येऊन सगळा हॉल झाडते.

आप्पा, बी-१०१ (९:१०)
झाडू नका. केरसुणीने सुई निघत नाही, फरशीच्या फटीत जाते. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक आहे माझ्याकडे, घेऊन जा.

सेक्रेटरी (९:१४)
सर्वांना नम्र विनंती 🙏 हॉल वैयक्तिक कामासाठी वापरल्यास रजिस्टरमध्ये नोंद करावी.

भाऊ, सी-३०३ (९:१६)
नोंदीचं सोडा. वाढदिवसाला ५०० घेता, गोधडीला चार दिवस फुकट?

सेक्रेटरी (९:१८)
५०० पंखे-दिवे वापरले तर. त्या दुपारी उजेडात बसतात.

भाऊ, सी-३०३ (९:१९)
वर वाचा. "काल रात्री आवरताना". चांदण्यात शिवत होत्या का?

आप्पा, बी-१०१ (९:१९)
😂😂

शिवणवाल्या ताई, सी-२०२ (९:२३)
वहिनी, आधी सुया मोज. बसताना मोजायच्या, उठताना मोजायच्या. आणि सापडलेली परत वापरू नकोस, टोक बघ. रत्नागिरीच्या हवेत उघडी राहिलेली सुई गंजते, आणि गंजाचा डाग सुतावरून सहज जात नाही.

बी-३०१ वहिनी (९:३१)
पाकीट दहाचं होतं. पाकिटात सात, सुयांच्या उशीला एक, सापडलेली एक. नऊ.

आर्याची आई, ए-२०३ (९:३१)
म्हणजे अजून एक आहे????

आर्याची आई, ए-२०३ (९:३२)
आजचा वर्ग पार्किंगमध्ये. सर्व पालकांनी नोंद घ्यावी.

भाऊ, सी-३०३ (९:३३)
पार्किंगमध्ये माझी गाडी आहे.

बी-३०१ वहिनी (९:४०)
ताई, तुम्ही आहात तर विचारून घेते. डबलबेडची आहे, ९० बाय १०० इंच, सगळी हातानेच. पहिलीच. कडेने चार फेरे झाले आणि मध्ये फुगा आलाय. चांगला चार बोटं उंच. दाबला की दुसरीकडे सरकतो.

आप्पा, बी-१०१ (९:४१)
९० बाय १०० म्हणजे गोधडी की गणपतीचा मांडव?

माई, ए-१०१ (९:४२)
मांजरपाट धुतलंस काय गो?

शिवणवाल्या ताई, सी-२०२ (९:४४)
थर किती, कसले?

बी-३०१ वहिनी (९:४६)
चार. दोन जुन्या नऊवारींचे तीन, आणि खाली नवीन मांजरपाट.

शिवणवाल्या ताई, सी-२०२ (९:५३)
कापडाचा हिशोब बरोबर आहे. नऊ वार म्हणजे ३२४ इंच, १०८ चे तीन तुकडे. दोन तुकडे शेजारी जोडले की एक थर. दोन लुगड्यांचे सहा तुकडे, तीन थर. पण तिन्ही थरांचा जोड बरोबर मध्ये आलाय ना? तिथे सुई अडणार, एकावर एक सहा पदर होतात. एका थरात एक तुकडा उभा अर्धा काप, अख्खा मध्ये ठेव आणि अर्धे दोन बाजूंना लाव. जोड मधून हलतो. काठ सुती असेल तर बाहेरच्या कडेला राहू दे, जरीचा असेल तर कापच. जरीची तार दोरा तासते.

काकू, ए-३०२ (९:५८)
फुग्याचं एवढं काय. कडेने सुरुवात केली ती योग्यच केली. गोधडी कडेने आत यायची असते. उत्तर कन्नडमध्ये हळियाळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका कवंडी शिवतात, त्याही कडेनेच सुरू करून मध्यावर संपवतात.

माई, ए-१०१ (१०:००)
मांजरपाट धुतलंस काय?

शिवणवाल्या ताई, सी-२०२ (१०:०५)
काकू, कवंडीचं बरोबर. पण तिथे वरचे तुकडे शिवत शिवत, दुमडून लावत आत येतात. जास्तीचं कापड त्या दुमडीत मुरतं. इथे चारही थर आधीच अखंड आहेत. चारी कडा बांधल्यावर जास्तीचं कापड जाणार कुठे? मध्येच.

काकू, ए-३०२ (१०:०७)
पिढ्यान्‌पिढ्या कडेनेच घालतात. कोणाच्या गोधड्या फुगल्या नाहीत.

शिवणवाल्या ताई, सी-२०२ (१०:०८)
टाचण, म्हणजे लांब कच्चे टाके, घालून मग कडेने. टाचण राहिलं तुमच्या वाक्यात.

काकू, ए-३०२ (१०:०९)
असो. ज्याला त्याला आपलं खरं 🙏

भाऊ, सी-३०३ (१०:१०)
५०० चं काय ठरलं?

बी-३०१ वहिनी (१०:१२)
टाचण घातलं होतं. चार कडांना, आणि मध्ये एक उभं, एक आडवं.

शिवणवाल्या ताई, सी-२०२ (१०:२०)
फार कमी. एवढ्या मापाला वीतवीतभर अंतराने उभं-आडवं टाचण लागतं. खालचा थर फरशीवर ताणून चारी बाजूंनी चिकटपट्टी लाव. त्यावर एकेक थर, दरवेळी तळहाताने मधून कडेकडे पुसत यायचं. टाचणही मधून बाहेर. कडा सगळ्यात शेवटी. मग धावदोरा कडेने घाल नाहीतर मधून, काकू म्हणतील तसा.

सेक्रेटरी (१०:२२)
चिकटपट्टीने फरशीला डाग पडतात.

आप्पा, बी-१०१ (१०:२३)
खोबरेलाने निघतात, सेक्रेटरीसाहेब. कोकणात खोबरेलाची वानवा आहे का?

आर्याची आई, ए-२०३ (१०:२५)
पण हे एकूण चालणार किती दिवस? सुयांचा प्रश्न मिटलेला नाही.

शिवणवाल्या ताई, सी-२०२ (१०:३१)
इंचाच्या अंतराने ओळी धरल्या तर ९० ओळी, एकेक १०० इंच. ९००० इंच, २५० वार. नव्या हाताला तासाला १०० इंच धरा. ९० तास. रोज दोन तास बसली तर दीड महिना. पण हॉल फक्त टाचणापुरता लागतो, एक दुपार. पुढे घरी मांडीवर होतं.

भाऊ, सी-३०३ (१०:३२)
म्हणजे ५०० एकदाच.

बी-३०१ वहिनी (१०:३४)
देते भाऊ.

माई, ए-१०१ (१०:३५)
मांजरपाट धुतलंस काय? खळ काढल्याशिवाय सुई आत जावची नाय.

बी-३०१ वहिनी (१०:३७)
दोरा भरतकामाचा घेतलाय, सहापदरीतला तीनपदरी करून. चालेल ना? एका लांबीत जास्त ओळ व्हावी म्हणून मोठा मोठा ओवते, पण सारखा गुंततो.

काकू, ए-३०२ (१०:३९)
दीड हाताच्या वर ओवूच नये. गुंततो तर खरंच, पण प्रत्येक टाक्याला कापडातून घासून शेवटचा वीतभर विरलेला असतो, पहिल्या धुण्यात तिथेच तुटतो. मेणावरून ओढून घ्यावा. आणि आठ मीटरच्या लच्छीतून तीनपदरी सोळा मीटरच निघतो. टाक्यात दोरा मुरतो तो धरून तीनशे वार तरी लागेल, म्हणजे १८ लच्छ्या. रंग एकदम घेऊन ठेवा.

शिवणवाल्या ताई, सी-२०२ (१०:४०)
काकूंशी सहमत 🙂 फक्त पॉलिस्टरचा नको. तो तुटत नाही, जुनं सूत कापतो.

आप्पा, बी-१०१ (१०:४१)
स्क्रीनशॉट काढून ठेवा. दोघी सहमत.

काकू, ए-३०२ (१०:४२)
हा मेसेज डिलीट केला आहे

माई, ए-१०१ (१०:४४)
मांजरपाट धुतलंस काय?

बी-३०१ वहिनी (१०:४६)
नाही माई. कोरं होतं म्हणून तसंच घातलं.

माई, ए-१०१ (१०:४६)
मगे? चार वेळा इचारलंय.

शिवणवाल्या ताई, सी-२०२ (१०:५५)
अगं मग फुगा राहू दे बाजूला. लुगडी धुऊन धुऊन आटायची थांबलेली असतात. कोरं मांजरपाट पहिल्या धुण्यात शंभर इंचाला तीन-चार इंच सहज आटतं. फुगा आत्ता एका जागी आहे, पहिल्या धुण्यानंतर अख्ख्या गोधडीला सुरकुत्या पडतील आणि त्या इस्त्रीने जाणार नाहीत. उसवावं लागेल.

काकू, ए-३०२ (१०:५७)
चार फेरे उसवायचे? दीड हजार इंच आहे ते. पंधरा तासांचं काम. वरच्या थराला चिमटा घेऊन ठिगळ लावलं की फुगा बसतो.

शिवणवाल्या ताई, सी-२०२ (१०:५९)
फुगा बसेल. खालचं आटायचं थांबेल का?

काकू, ए-३०२ (११:०४)
नाही थांबणार.

काकू, ए-३०२ (११:०५)
उसवताना दोरा ओढू नका हां. दर चौथा टाका कापा आणि उलट्या बाजूने तुकडे वेचा. अख्खा दोरा खेचला की जुनं लुगडं टराटरा फाटतं.

शिवणवाल्या ताई, सी-२०२ (११:०९)
मांजरपाट रात्रभर साध्या पाण्यात भिजव, सकाळी कोमट पाणी आणि साबण. पाणी पांढरट येतं ती खळ. स्वच्छ येईपर्यंत. कडक उन्हात वाळव, ओलसर घडी नको. आणि मृगाच्या आत उरक. ७ जूननंतर इथे रुमाल वाळत नाही, ९० बाय १०० कुठे वाळवणार? आत ओल राहिली तर चार थरांत बुरशी धरते आणि वास शेवटपर्यंत जात नाही.

सेक्रेटरी (११:१२)
मंगळवारी टाकी धुवायची आहे, गच्ची बंद. बुधवारी किल्ली घेऊन जा. रजिस्टरमध्ये नोंद करून.

भाऊ, सी-३०३ (११:१३)
गच्चीला भाडं नाही?

आर्याची आई, ए-२०३ (११:१४)
भाऊ, पुरे. दहावी सुई कुठे आहे ते कोणी सांगेल का?

आप्पा, बी-१०१ (११:१६)
लोहचुंबक हॉलभर दोनदा फिरवलं. दोन टाचण्या, एक यू-पिन, गेल्या गणपतीतला एक खिळा. सुई नाही. वहिनी, आता गोधडीवरून फिरवा.

बी-३०१ वहिनी (१२:३८)
सापडली. दुसऱ्या आणि तिसऱ्या थराच्या मध्ये, जोडाच्या शिवणीत आडवी अडकली होती. वरून हात फिरवून कळतच नव्हती.

आर्याची आई, ए-२०३ (१२:३९)
देवा. झोपलं असतं कोणी त्याच्यावर.

बी-३०१ वहिनी (१२:४१)
दहा झाल्या. उसवायला घेतली आहे.

माई, ए-१०१ (१२:४३)
आता मांजरपाट धू.