'शालिआह'ला मराठीत काय म्हणावं?

दौतटाक :
ज्यू कुटुंबकायद्यावरचा एक लेख मराठीत आणतेय, एका शब्दाशी अडलेय. 'गेट' म्हणजे सोडचिठ्ठीचं बारा ओळींचं पत्र. ते नवऱ्याने बायकोला द्यायचं. स्वतःच्याच हाताने दिलं पाहिजे असं नाही, मध्ये माणूस नेमता येतो. त्याला हिब्रूत 'शालिआह' म्हणतात. मी 'प्रतिनिधी' लिहिलं होतं. मुद्रितं तपासणाऱ्यांनी सगळीकडे 'वकील' केलं. आता वाक्य झालंय : 'पत्र वकिलाच्या हाती पडताच विवाह संपतो.' वाचणाऱ्याला काळा कोटच दिसणार ना?

दफ्तरी :
वकील अजिबात चूक नाही. पेशव्यांच्या दरबारी निजामाचा वकील असे, तो काय दावे लढवायला? निकाहात मुलीची संमती विचारून येतो तोही वकीलच. कोर्टं आली आणि आपण शब्दाला कोट चढवला. तरीही नको असेल तर 'मुखत्यार' घ्या. आमचे आजोबा कचेरीबाहेर बसून मुखत्यारपत्रं लिहीत. त्यांचा एक नियम होता : अक्षर वाईट चालेल, पण कोणी कोणाला काय करायला सांगितलंय ते पहिल्या ओळीत यायला हवं.

अनुस्वार :
वकील अरबी, मुखत्यार अरबी. आपल्याकडे 'अभिकर्ता' आहे की! शासनाच्या परिभाषेतला, सोवळा शब्द.

दफ्तरी :
अभिकर्ता म्हटलं की मला विम्याचा थकलेला हप्ता आठवतो.

चिंचपेटी :
शालिआहचा धातू 'पाठवणे' असाच आहे ना? मग 'प्रेषित'! ग्रीकमधला 'अपोस्तोलोस' म्हणजेही पाठवलेला, आणि मराठी बायबलात त्याचा प्रेषितच झालाय.

दौतटाक :
'प्रेषित सूटपत्र घेऊन ठाण्याला उतरले.' नको गं.

नवगावची :
मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी. इस्राएलमध्ये अश्दोदला असते. तुम्ही शब्दावर भांडताय, पण खरी गोम माणूस कोणाचा यात आहे. नवऱ्याने 'नेऊन दे' म्हणून पाठवला असेल, तर पत्र बायकोच्या हातात पडेपर्यंत ती त्याची बायकोच. वाटेत नवऱ्याचं मन फिरलं तर तो पत्र रद्द करू शकतो. बायकोने 'माझ्या वतीने घे' म्हणून नेमला असेल, तर त्याच्या हाती पडलं की ती मोकळी. मग नवऱ्याने डोकं आपटलं तरी उपयोग नाही. आणि बायकोनेच नेमला, पण नुसतं 'आणून दे' म्हणाली, तर त्याच्या हाती पडून काहीच होत नाही, तिच्या हाती यायला लागतं. हिब्रूत या तिघांना तीन साधी क्रियापदं जोडलीत. मराठीतही नेणारा, घेणारा, आणणारा एवढं पुरेल. ताई, तुमचं वाक्य 'वकील'मुळे बिघडलेलं नाही. वकील कोणाचा ते त्यात नाहीच.

दौतटाक :
अरे देवा. म्हणजे माझं 'प्रतिनिधी'सुद्धा चुकीचंच होतं.

अनुस्वार :
'घेणारा' हा काय पारिभाषिक शब्द झाला? देणारा-घेणारा सावकारीत असतात.

नवगावची :
मिश्ना म्हणजे आमचा जुना धर्मनियमांचा ग्रंथ, त्याच्या भाषेतही ते बाजारातलेच शब्द आहेत. माझ्या आत्याचं सांगते. ती ठाण्याला, नवरा इकडे. मुंबई-ठाण्यात आपलं धर्मन्यायालय नाही, म्हणून गेट इकडे लिहिलं आणि एक जण घेऊन गेला. त्याने तिथे आधी म्हटलं, 'माझ्यासमोर लिहिलं, माझ्यासमोर सह्या झाल्या.' परदेशातून गेट आणणाऱ्याने हे म्हणायचंच, मिश्नातलं 'गिट्टिन' प्रकरण सुरूच या नियमाने होतं. आत्याने अंगठ्या काढल्या, ओंजळ केली, त्याने पत्र वरून सोडलं. ते काखेत धरून ती चार पावलं चालली. त्या माणसाला ती आजही 'कागदवाला' म्हणते.

चिंचपेटी :
कागदवाला फार गोड आहे. पण मला एक सांगा, नवऱ्याने मागच्या मागे रद्द केलं तर आत्याला कळणार कसं?

नवगावची :
पूर्वी तेच व्हायचं. नवरा दुसऱ्याच गावी तिघांना बसवून पत्र रद्द करायचा. ना बाईला पत्ता, ना नेणाऱ्याला. जुन्या काळचे धर्मगुरू थोरले रब्बान गमलिएल यांनी ते बंद केलं. आम्हाला या गोष्टींची धास्ती उगीच नाही. १९६२ साली इथल्या मुख्य रब्बिनेटने, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठाने, बेने इस्राएलांच्या लग्नांवर शंका घेतली, तेव्हा कोकणातल्या घटस्फोटांत असं पत्र रीतसर दिलं होतं का, हाही त्यातला एक प्रश्न होता. मोर्चे निघाले, १९६४ मध्ये क्नेसेटला, म्हणजे इथल्या संसदेला, मध्ये पडावं लागलं.

दफ्तरी :
बाईमाणूस नेमता येतं का?

नवगावची :
येतं. सासूसुद्धा चालते. नवरा मेला असं सासूने सांगितलं तर तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत, पण गेट आणलं तर ठेवतात.

दफ्तरी :
सासूच्या हाती फारकतीचा कागद! टपालापेक्षा लवकर पोचेल. मग 'मुखत्यारीण' म्हणायचं का?

अनुस्वार :
अभिकर्त्री. आणि फारकत काय म्हणता, फारखत म्हणा. मुळात 'फारिग-खत', म्हणजे मोकळीक दिल्याचा लेख. 'ख'चा 'क' आपण केला.

चिंचपेटी :
आमच्याकडे फारकत म्हणजे दुरावा. 'फिराक' म्हणजे विरह, त्यावरून आला, असं आमचे मास्तर सांगायचे. भावाभावांची फारकत होते, त्यात खत कुठलं?

अनुस्वार :
वाटणीपत्र हे खतच असतं. तुमच्या मास्तरांनी शेर ऐकून व्युत्पत्ती लावलेली दिसते.

दफ्तरी :
आणि 'घटस्फोट' तरी कुठला नवराबायकोचा? धर्मशास्त्रात पतिताला वाळीत टाकताना दासीने पाण्याचा घडा लाथेने उलथायचा, त्या विधीचं ते नाव. तोंडातला शब्द खरा तर काडीमोड.

दौतटाक :
मंडळी, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी चाललंय. लेख उद्या सकाळी जायचाय. 'नेणारा' लिहू की 'मुखत्यार'?

अनुस्वार :
काडीमोडात काडी कोण मोडायचं? नवरा की पंच? आमच्या गावी पंच मोडत, असं ऐकलंय.