मे महिन्याची सहल: एका पगाराची की त्याहून मोठी?

सांगेचा हिशेबनीस
माझे म्हणणे असे: गोव्यातल्या चौघांच्या घराने मे महिन्याच्या सहलीवर घरात येणाऱ्या एका महिन्याच्या पगारापेक्षा जास्त घालू नये, आणि कर्ज काढून तर मुळीच जाऊ नये. घरात ८० हजार येतात ना, मग सहल ८० हजारांची. विरोध करायचा तर आकड्यांनी करा. 'आठवणींचे मोल होत नाही' हे वाक्य कोणी लिहिले तर ते वगळून पुढे वाचले जाईल.

उदाहरणाला हिमाचल घेऊ. सहा रात्री, सात दिवस. आईवडील, १३ वर्षांची मुलगी, ९ वर्षांचा मुलगा. दर अंदाजाचे आहेत, थोडे इकडेतिकडे करा.

गोवा ते दिल्ली विमान, जाऊनयेऊन माणशी १६,०००, चौघांचे ६४,०००. दोन वर्षांवरच्या मुलाला वेगळी सीट घ्यावीच लागते, त्यामुळे पोरांचे म्हणून फारसे काही वाचत नाही. घर ते विमानतळ टॅक्सी दोन्ही खेपांची ५,०००. दिल्लीपासून गाडी, रोजचे ४,००० धरून २८,०००. खोली ४,५०० आणि जादा गादीचे १,०००, सहा रात्रींचे ५ टक्के जीएसटीसह ३४,६५०. खाणेपिणे १७,५००. रोपवे, घोडे, बर्फातल्या जॅकेट-बुटांचे भाडे वगैरे १२,०००. बेरीज १,६१,१५०.

यातले विमान आणि टॅक्सीचे ६९ हजार, म्हणजे सुमारे ४३ टक्के, दिल्लीला पोचून परत येण्यातच गेले. तोवर डोंगर दिसलेलासुद्धा नाही. यासाठी दीड लाखाचे वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी २४ महिन्यांसाठी घेतले तर हप्ता ७,२०० च्या घरात आणि व्याज २२,८०० च्या वर. पुढचा मे उजाडतो तेव्हा अर्धे हप्ते फेडायचे असतात आणि पोरे विचारतात, यंदा कुठे?

पर्वरीची खिडकी
कर्जाबद्दल वाद नाही. पण पगार ही मोजपट्टीच चुकीची आहे. ८० हजार आणणाऱ्या एका घराला ३५ हजारांचा गृहकर्जाचा हप्ता असतो, दुसऱ्याचे घर आजोबांच्या वेळचे असते. दोघांना एकच मर्यादा कशी? हप्ते, विमा, शाळा, आजारपणाची तजवीज हे सगळे वजा करून वर्षाअखेर जे उरते त्यातून सहल काढायची.

दुसरे म्हणजे दरवर्षी हिमाचलला कोण जातो? तीन वर्षांतून एकदा लांब, मधली दोन वर्षे जवळ. तुमचे १ लाख ६१ हजार तीनने भागा, वर्षाला ५४ हजारांच्या आत येतात. दिवाळीत जा असे कोणी सांगेल, म्हणून आधीच लिहितो: गोव्यात वरच्या इयत्तांचे नवे वर्ष २०२५ पासून एप्रिलमध्येच सुरू होते. मुले सलग मोकळी मिळतात ती मेमध्ये.

नोकरदारांनी एक गोष्ट पाहावी. पगारात एलटीए, म्हणजे प्रवासभत्ता, असेल आणि कर जुन्या पद्धतीने भरत असाल तर चार वर्षांच्या गटात दोन प्रवासांच्या भाड्यावर सूट मिळते. प्रवास भारतातलाच हवा, आणि सूट फक्त भाड्यावर, हॉटेल-जेवणावर नाही. २०२२ ते २०२५ च्या गटातला एखादा प्रवास राहिला असेल तर तो २०२६ मध्ये वापरता येतो. नव्या करपद्धतीत ही सूट नाही. म्हणजे ज्या ६९ हजारांवर तुम्ही दात खाता, त्यातल्या विमानभाड्यालाच सरकार सूट देते.

कुळागर
दोघेही मे महिना रिकामा असल्यासारखे बोलताहात. गोव्यात मे म्हणजे पुरुमेत, पावसाळ्याची बेगमी! १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस ट्रॉलर बंद. ताजी मासळी कमी आणि महाग. म्हणून सुके बांगडे, सुंगटां (कोळंबी), गालमो (बारीक सुकट) मेअखेरच घरात यायला हवेत. त्यात वर्षाची मिरची, सोलां (आमसुले), चिंच, तांदूळ. कौलारू घर असेल तर शाकारणी, कारण ५ जूनच्या सुमाराला पाऊस दारात. वर शाळेची पुस्तके, गणवेश, छत्र्या, रेनकोट. हे सगळे सहलीहून परतल्यावर पंधरा दिवसांत भरायचे असते.

मर्यादा पगाराची घाला नाहीतर शिलकेची, आधी हे पैसे वेगळ्या खात्यात टाका. सहलीत कार्ड घासले की बिल येते जूनमध्ये, नेमके या खर्चांच्या डोक्यावर. मिरची सुकवून ठेवायची वेळ आणि बर्फात फोटो काढायची वेळ एकच आहे, हे हिमाचलवाल्यांना कोण सांगणार!

तिकीट खिडकी
हिशेबनीसांच्या ६४ हजारांवर माझा आक्षेप. रेल्वे आहे की.

गोवा एक्स्प्रेस वास्कोहून निघते आणि थेट दिल्लीच्या हजरत निजामुद्दीनला जाते. थ्री एसीचे जाऊनयेऊन भाडे त्या १६ हजारांच्या साधारण तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडते, पूर्वीसारखे १२० नाही. १० मेला निघायचे तर ११ मार्चला सकाळी ८ वाजता. १८ मेला परतायचे तर त्याचे वेगळे, १९ मार्चला. बहुतेक जण जायचे काढतात आणि यायचे विसरतात, मग परतीला विमान घ्यावे लागून सगळी बचत जाते. रेल्वे तिकिटाचे आयआरसीटीसी खाते आधारशी जोडलेले नसेल तर ते आदल्या आठवड्यात करून ठेवा.

प्रतीक्षायादी घ्यायचीच असेल तर गाडी कुठून सुटते ते पाहा. वास्कोहून सुटणाऱ्या गाडीची सर्वसाधारण यादी पुढे सरकते. केरळातून येऊन मडगावला थांबणाऱ्या गाड्यांत आपल्या वाट्याला वाटेतल्या स्थानकांचा छोटा कोटा असतो, तिथली यादी बऱ्याचदा जागची हलत नाही. राजधानीच्या भाड्यावर विसंबू नका, जागा भरत जातात तसे ते चढते. तत्काळवर कुटुंबाची सहल आखू नये: एसीचे आदल्या दिवशी १० वाजता उघडते, एका तिकिटावर चारच माणसे, आणि पक्के झालेले तत्काळ रद्द केले तर परतावा नाही.

मुलांचे: पाच वर्षांखाली वेगळी बर्थ न घेतल्यास फुकट, ५ ते ११ ला बर्थ घेतली की पूर्ण भाडे. त्या ९ वर्षांच्या मुलाचे अर्धे तिकीट काढाल तर बर्थ मिळणार नाही, दोन रात्री कोणाच्या पायाशी झोपवणार?

पर्वरीची खिडकी
त्या दोन रात्री जाताना आणि दोन येताना, त्याचे काय? विमानाच्या तुलनेत तीनेक दिवस जास्त. खाजगी नोकरीत तीन रजा म्हणजे तीन दिवसांचा पगार. तोही तुमच्या बचतीतून वजा करा ना.

विमान स्वस्त पडायला वेगळी युक्ती आहे. पर्यटक शुक्रवारी-शनिवारी गोव्यात उतरतात, रविवारी-सोमवारी परत जातात. आपण या ओघाच्या उलटे जायचे: शुक्रवारी गोवा सोडायचा, रविवारी परतायचे. त्या दिशेच्या जागा कमी भरतात, भाडेही बहुतेक वेळा कमी दिसते. दाबोळी आणि मोपा, गोव्याच्या दोन्ही विमानतळांची भाडी बघा, पण टॅक्सीसकट. दक्षिण टोकाच्या काणकोणच्या माणसाने हजार रुपये स्वस्त म्हणून उत्तरेचा मोपा धरला तर ते हजार टॅक्सीतच जातात. मोपाहून कदंबच्या सरकारी बसेस आहेत, चौघे आणि चार बॅगा असल्या तरी बसता येते. बॅगा देशातल्या बहुतेक विमानांत माणशी १५ किलो. घरी वजन करून जा, काउंटरवरचे जादा किलो सगळ्यात महाग.

फोंड्याचा टूरवाला
पात्रांव, तुम्ही तिकिटावर भांडताय, पैसे गळतात ते तिथे पोचल्यावर. पॅकेजचा कागद हातात घ्या आणि पाहा.

आधी जेवण. सीपी म्हणजे फक्त नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे तिन्ही वेळचे. स्वस्त दिसणारे पॅकेज बऱ्याचदा सीपी असते, आणि डोंगरात हॉटेलाबाहेर रात्री नऊनंतर जेवण मिळत नाही. मग हॉटेलात मेन्यूप्रमाणे चौघांचे बिल होते.

मग खोलीचा कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीला ७,५०० पर्यंतच्या खोलीला ५ टक्के, त्यावर १८. ७,४०० च्या खोलीला ३७० रुपये कर. ७,६०० झाली की १,३६८. जादा गादीची रक्कमही खोलीच्या किमतीत मिळवली जाते. ७,००० ची खोली आणि १,००० ची गादी म्हणजे ८,०००, कर १,४४०. हे बुकिंग करताना विचारा, काउंटरवर नको.

गाडी. 'सर्व साइटसीइंग' असे लिहिलेले असले तरी काश्मिरात पहलगामला आरू, बेताब, चंदनवाडीला बाहेरची गाडी चालत नाही, तिथल्या युनियनची टॅक्सी वेगळे पैसे देऊन घ्यावी लागते. मनालीहून रोहतांग खिंडीत जायला परमिट लागते, गाड्यांची संख्या ठरलेली, मंगळवारी खिंड बंद. त्यामुळे मंगळवार मनालीत येईल असा कार्यक्रम आखू नका. अटल बोगद्याला परमिट लागत नाही, तिथून सिस्सूपर्यंत जाऊन पोरांना बर्फ मिळाला तर रोहतांगचा हट्ट कशाला? डोंगरात चढावर एसी बंद हेही कागदावर बारीक अक्षरात असते, त्यावर ड्रायव्हरशी भांडू नका.

आणि दरड कोसळून रस्ता बंद पडला तर जादा रात्रीचा खर्च तुमचाच, तसे कलम जवळजवळ प्रत्येक पॅकेजात असते. एकूण रकमेच्या दहा टक्के हात न लावता ठेवा. हिशेबनीसांच्या बेरजेत हे १६ हजार नाहीतच!

मांडवीकाठ
दीड लाख जाणारच असतील तर थायलंड किंवा व्हिएतनाम का नको?

फोंड्याचा टूरवाला
जा की. पण पासपोर्ट नसेल तर मोठ्यांचे १,५०० प्रमाणे आणि मुलांचे १,००० प्रमाणे, चौघांचे ५,००० तिथूनच सुरू. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आगाऊ घ्यायचा कर, कापतात. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. कार्डावर परकी चलनाचा अधिभार आणि त्यावर जीएसटी. यंत्रावर 'रुपयांत भरू का' विचारले तर नाही म्हणा, तिथल्या चलनातच भरा, नाहीतर दुकानदाराच्या बँकेचा वाईट दर लागतो.

कुळागर
आणि घराजवळ काहीच नाही का? आंबोली सावंतवाडीहून ३० किलोमीटर, मेमध्येही रात्री पांघरूण लागते. सोमवार ते गुरुवार जा, शनिवार-रविवारी तिथे अर्धा गोवा आणि अर्धे कोल्हापूर असते. स्वतःच्या गाडीने ऊटीला जायचे तर २०२४ पासून ई-पास लागतो आणि रोजच्या गाड्यांची संख्या ठरलेली आहे, निघण्याआधीच काढा. मेमध्ये हंपी मात्र सोडून द्या, दगड तापून पोरे दुपारी खोलीतच बसतात आणि खोलीचे भाडे तेवढे जाते.

सांगेचा हिशेबनीस
टूरवाल्याचे दहा टक्के मान्य, ते राहिले होते. पर्वरीचे तीन वर्षांचे गणितही मान्य करतो, पण पैसे आधी साठवायचे ही अट. दरमहा ४,५०० आवर्ती ठेवीत टाका. ३६ महिन्यांत १,६२,००० मुद्दल, सहल त्यात बसते, आणि व्याजातून टूरवाल्याच्या दहा टक्क्यांतला काही भाग निघतो. त्याआधी जायचे नाही. मधल्या दोन वर्षी आंबोली.

पर्वरीची खिडकी
तीन वर्षांनी तुमचा ९ वर्षांचा मुलगा १२ चा आणि मुलगी १६ ची झालेली असेल. हॉटेलवाला एका खोलीत चौघांना घेणार नाही. दोन खोल्या, ९,००० रोज, सहा रात्री, जीएसटीसह ५६,७००. म्हणजे खोलीचेच २२,०५० वाढले. तुमच्या कर्जाचे व्याज किती लिहिले होते, २२,८०० ना? आणि १६ वर्षांची मुलगी त्या मेमध्ये प्रवेशपरीक्षेचा क्लास सोडून येणार आहे का, हे तिला आज विचारून ठेवा.