चौथी मिती म्हणजे अजून एक लांबी? थांबवा हे आता

कातळसडा
काल आमच्या रत्नागिरीच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरत होती, तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आली असेलच. 'लांबी, रुंदी, उंची तसाच काळ, आइनस्टाईनने १९०५ सालीच सांगितलं, त्यामुळे काळात मागेपुढे जाणं हा फक्त तंत्रज्ञान यायचा प्रश्न आहे.' खाली अंगठ्यांची रांग. जाम डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय.

१९०५ च्या निबंधात चार मिती वगैरे काही नाही हो. तिथे घड्याळं आहेत, मोजपट्ट्या आहेत, आणि प्रकाशाचा वेग सगळ्यांना सारखाच हे गृहीतक आहे. चार मितींचं अवकाशकाळ, म्हणजे जागा आणि वेळ एकत्र धरलेलं चित्र, मांडलं हर्मान मिन्कोव्स्कीने, सप्टेंबर १९०८, कोलोनचं भाषण. हा झुरिचला आइनस्टाईनला गणित शिकवायला होता. जानेवारी १९०९ मध्ये गेलाच बिचारा, वय ४४. त्याचं नाव एका फॉरवर्डमध्ये येईल तर शपथ.

आता 'लांबीसारखाच' बद्दल. नकाशावर दोन गावांतलं अंतर काढताना पूर्व-पश्चिम फरकाचा वर्ग अधिक उत्तर-दक्षिण फरकाचा वर्ग करतो. नकाशा तिरका धरला तर दोन्ही आकडे बदलतात, अंतर तेच राहतं. अवकाशकाळातही असं एक न बदलणारं काहीतरी आहे, पण ते काढताना वेळेला प्रकाशाच्या वेगाने गुणून वर्ग करायचा आणि त्यातून अंतराचा वर्ग वजा करायचा. सगळा जीव त्या वजात आहे! पूर्वेकडचं तोंड हळूहळू फिरवत पश्चिमेला नेता येतं, भविष्याकडचं तोंड तसं भूतकाळाकडे फिरवता येत नाही, वेग कितीही वाढवा तुम्ही प्रकाशशंकूच्या, म्हणजे प्रकाशाला जिथे आणि जेव्हा पोचता येईल त्या हद्दीच्या, आतच राहता. म्हणजे ज्या सिद्धांताच्या नावाने मागे जायची स्वप्नं विकताय तोच सिद्धांत ती वाट बंद करतो.

मास्तर गुहागर
सगळं बरोबर असेल पण तुम्ही कधी वर्गावर उभे राहिलायत का? मी आयुष्यभर नववी-दहावीला शिकवलं. पोरांना पहिल्याच दिवशी वर्ग आणि वजा दाखवलं की मागचे बाक झोपतात. 'काळ ही चौथी मिती' म्हटलं की तीच पोरं मान वर करतात, हात वर करतात, घरी जाऊन बापाला विचारतात. आणि त्यात खोटं काय? दापोली स्टँडवर भेटू म्हटलं तर किती वाजता ते सांगावंच लागतं. तीन आकडे जागेचे, चौथा वेळेचा. झाली की चौथी मिती.

कातळसडा
मास्तर, किती वाजता हे न्यूटनच्या काळातही सांगावं लागत होतं! नुसते चार आकडे लागले म्हणून आइनस्टाईनची सापेक्षता येत नाही. ती येते कधी, तर एकाच्या हिशोबातलं अंतर दुसऱ्याच्या वेळेत मिसळतं तेव्हा.

कोकण रेल्वेचा करबुड्याचा बोगदा घ्या, साडेसहा किलोमीटर. समजा १३ किलोमीटर लांबीची गाडी प्रकाशाच्या ८७ टक्के वेगाने त्यात शिरली. बोगद्यापाशी उभ्या माणसाच्या मोजणीत गाडी निम्मी होते, बरोब्बर आत मावते. त्याने दोन्ही तोंडांचे दरवाजे एकाच क्षणी लावले आणि लगेच उघडले. गाडीतल्या माणसाच्या मोजणीत उलट बोगदाच सव्वातीनचा आणि गाडी पूर्ण १३ ची. मग गाडी चिरडली कशी नाही? कारण त्याच्या हिशोबाने दरवाजे एकदम लागलेच नाहीत. पुढचा आधी लागून उघडला, मागचा पुष्कळ नंतर लागला. दोघंही खरं बोलतायत. 'एकाच क्षणी' हे सगळ्यांचं सारखं नसतं, म्हणून काळाला जागेपासून तोडून वेगळा ठेवता येत नाही. मिती म्हणायचं ते या अर्थाने. हे पोरांना सांगून बघा, कोण झोपतो ते कळवा.

खाडीकाठ
१३ किलोमीटरची गाडी, ८७ टक्के वेग, सगळं हवेतलं. फूटपट्टीने मोजतो ती लांबी, घड्याळाने मोजतो तो काळ. दोन्ही एका कागदावर काढलं तर ती गणितवाल्यांची सोय झाली, निसर्ग कशाला त्यात ओढता? माझी सुपारी लावल्यावर धरायला जी वर्षं लागतात ती काय वाडीच्या लांबीत मोजू का मी?

सुरंगी
खाडीकाठ काका, हवेतलंच पाहिजे ना, मग म्युऑन नावाचे अल्पायुषी कण घ्या. अवकाशातून येणारे वैश्विक किरण वर हवेवर आदळतात तिथे, साधारण १५ किलोमीटरवर, तयार होतात. सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. प्रकाशाच्या वेगाने पळाले तरी तेवढ्यात ६६० मीटर. म्हणजे खाली जवळजवळ एकही पोचायला नको. आत्ता तुमच्या तळहातातून सेकंदाला एखादा आरपार जातोय. रॉसी आणि हॉल यांनी १९४१ मध्ये डोंगरावर आणि खाली मोजून दाखवलंय. आपल्या हिशोबाने म्युऑनचं घड्याळ हळू चालतं, म्युऑनच्या हिशोबाने हवेचा थरच पातळ असतो. एकाच्या काळातला फरक दुसऱ्याला अंतरात दिसतो, हेच तर वर चाललंय.

खाडीकाठ
म्युऑन पोचतात, बरं, मानलं. मिती मानली नाही अजून.

तांडेलाचो झील
मालवणीत लिहिणय नाय, सगळ्यांका कळूक व्हया. आमच्या बोटीवरचा जीपीएस ह्याच्यावरच चालतो ना? उपग्रहाचं घड्याळ रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं, ते धरलं नाही तर दिवसाला ११ किलोमीटर चूक. एवढं साधं उदाहरण सोडून बोगदे कशाला?

सुरंगी
दादा, ३८ बरोबर, पण त्यातला वेगामुळे होणारा भाग फक्त ७, तोही घड्याळ मागे टाकणारा. गुरुत्वामुळे ४५ पुढे जातं, तो व्यापक सापेक्षतेचा, म्हणजे आइनस्टाईनच्या गुरुत्वाच्या सिद्धांताचा भाग. आणि ११ किलोमीटरचं सगळे डोळे मिटून सांगतात. जागेचे तीन आकडे असून चौथा उपग्रह का लागतो? तुमच्या यंत्राचं स्वस्त घड्याळ किती चुकलंय हा चौथा अज्ञात आकडा म्हणून. सगळ्या उपग्रहांची घड्याळं सारखीच पुढे गेली तर ती चूक बहुतेक त्या चौथ्या आकड्यात जिरते, बोट ११ किलोमीटर सरकत नाही. दुरुस्ती लागतेच, पण म्हणून काहीही आकडा ठोकू नये. १९७७ ला जीपीएसच्या चाचणीसाठी सोडलेल्या एनटीएस-२ उपग्रहावर सुरुवातीचे २० दिवस दुरुस्ती मुद्दाम बंद ठेवली होती, घड्याळ जवळपास सांगितलं तेवढंच पुढे गेलं.

तांडेलाचो झील
ताई, तुम्ही पंख्याखाली बसून दुरुस्त्या काढा. माझा बाप जीपीएसशिवाय जायचा. देवळाचा कळस मागच्या डोंगराच्या खिंडीत आला आणि दीपगृह माडाच्या रांगेवर आलं की खाली खडप, म्हणजे पाण्यातला खडक, तिथे जाळं टाकायचं नाही, फाटणार. ह्या खुणा त्याने कुणाला दिल्या नाहीत, मला पण मिशी फुटल्यावर दिल्या. आता एकाने जीपीएसवर पॉईंट मारला की तोच आकडा रात्री बाहेरच्या बोटींकडे. जनरेटर लावून एलईडी पाण्यावर सोडतात, बांगडा उजेडाला जमतो, पर्ससीन जाळ्याने वेढून अख्खा थवा उचलतात. केंद्राने २०१७ ला एलईडीवर बंदी घातली, ती कागदावर. रात्री किनाऱ्यावर या, समुद्रात शहर वसल्यासारखं दिसतं.

खाडीकाठ
बाहेरच्या, बाहेरच्या! आपल्याच बंदरातल्या किती बोटींवर दिवे चढलेत ते पण लिही की. बर्फ कोण देतं त्यांना, मासळी कोण उचलतं?

तांडेलाचो झील
नाव घेऊन बोला नायतर गप बसा. रापणीवर, किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर, पोट असलेल्या माणसाला हे ऐकवू नका. दिवसभर वीस माणसं दोर ओढतात आणि हाताला कोळंबीचा चुरा येतो, तेव्हा कुठे असता तुम्ही?

खाडीकाठ
बाजारात असतो, तुझीच मासळी घ्यायला, दर दुप्पट देऊन. रापणवाल्यांना नाही बोललो मी. दिवेवाल्यांना पाठीशी घालणाऱ्यांना बोललो. रापणीचे हाल होतायत हे खरंच आहे, त्यात वाद नाही.

मास्तर गुहागर
भांडू नका. त्या खुणा मात्र कुणीतरी लिहून ठेवा रे. आम्ही पोरांना तिथीची पाऊणपट शिकवायचो, अष्टमीला आठाचे पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. आता सगळे मोबाईल बघतात. दोन रेषा जिथे छेदतात तिथे खडप, हा भूमितीचा तास होडीवर घ्यायला हवा होता मी.

कातळसडा
एलईडीचा वेगळा धागा काढा, मी पण लिहीन तिथे, पोटतिडकीने लिहीन. पण इथला प्रश्न राहिला. मास्तर, 'लांबीसारखाच' हा शब्द पोरांसमोर मागे घेणार का?

मास्तर गुहागर
'चौथी मिती' मी सोडणार नाही. 'लांबीसारखाच' मधला च काढतो. बोगदा सांगेन, पण गाडी १३ किलोमीटरची म्हटल्यावर पहिला प्रश्न येणार की एवढी गाडी चिपळूणला थांबते का, त्याचं उत्तर तुम्ही द्यायला या.

खाडीकाठ
मिती म्हणा नाहीतर काही म्हणा, दरवाज्यांचं मी कागदावर करून बघितलं. आकडे जुळतात. तरी ८७ टक्क्याला गाडी बरोबर निम्मी कुठून आली ते नीट लिहा कोणीतरी, नुसतं ठोकून देऊ नका.

सुरंगी
०.८७ चा वर्ग साधारण ०.७५. एकातून वजा केला, राहिला पाव. पावाचं वर्गमूळ अर्धा. तिथेही वजाच आहे काका.