चर्चनं पुस्तकांचं दुकान चालवावं का? (वेल्टबिल्ड प्रकरण)

सांजवारा
जर्मनीत ऑग्सबर्गची 'वेल्टबिल्ड' ही कंपनी कॅथलिक चर्चच्या मालकीची होती. बारा धर्मप्रांत त्यात भागीदार. १९४८ साली धार्मिक प्रकाशन म्हणून सुरुवात, पुढे घरोघरी जाणारे कॅटलॉग, थ्रिलर, पाककृती, देशभर दुकानं. २०११ मध्ये बातमी फुटली की तिच्या ऑनलाइन दुकानात सुमारे २,५०० शृंगारिक पुस्तकं आहेत. बिशपांची पळापळ झाली. आधी ठरलं विकायचं, मग ट्रस्टकडे द्यायचं. शेवटी जानेवारी २०१४ मध्ये दिवाळखोरी.
माझं मत: धर्मसंस्थेनं या धंद्यात पडूच नये. खप बघायचा तर सोवळं सुटतं आणि सोवळं पाळायचं तर गिऱ्हाईक सुटतं.

खडूगुरुजी
असहमत. ती पुस्तकं कुणी बिशपनं निवडून मांडली नव्हती. ऑनलाइन दुकान घाऊक विक्रेत्यांची अख्खी यादी चढवतं, त्यात सगळंच येतं. आणि तिथे नव्या पुस्तकाची किंमत कायद्यानं सगळीकडे सारखीच, सवलत देता येत नाही. मग ॲमेझॉनपुढे टिकायचं ते 'आमच्याकडे सगळं मिळतं' यावरच ना?

सांजवारा
यादी आपोआप चढते, मान्य. पण काही कॅथलिक मंडळी वर्षानुवर्षं बिशपांना हेच कळवत होती. पेपरात आल्यावरच जाग का आली?

पापडीचा_पोरगा
मी वसईचा कॅथलिक. आमच्याकडे 'सुवार्ता' मासिक चर्चचंच, पण ते हातात घेणाऱ्याला ते कुणाचं आहे हे ठाऊक असतं. वेल्टबिल्डच्या कॅटलॉगमध्ये मेणबत्त्या नि थ्रिलर चाळणाऱ्याला बिशप कुठे दिसत होते? नफ्यापुरती मालकी, नावापुरतीही नाही. मला खटकतं ते हे, शृंगार नव्हे.

रोखठोक_मावशी
सगळे पुस्तकांवरच भांडताय! तिथे सहा हजारांवर माणसं कामाला होती हो. सहामाही विक्री अपेक्षेपेक्षा कमी भरली, पैशांची गरज वाढली, तर मालकांनी हात वर केले. रविवारी श्रमाच्या प्रतिष्ठेवर प्रवचन द्यायचं आणि सोमवारी कामगारांना कोर्टाच्या दारात सोडायचं?

सांजवारा
मावशी, पैसे आणायचे कुठून? चर्चचं मोठं उत्पन्न म्हणजे सभासदांचा चर्चकर, आयकराच्या आठ-नऊ टक्के. तो एखाद्या आजीनं पुस्तकांच्या बुडत्या दुकानासाठी भरलेला नसतो.

रोखठोक_मावशी
दुकान चालत होतं तेव्हा कुठे गेली होती ही आजी?

खडूगुरुजी
शिवाय २०१४ मध्येच ड्रोगे या उद्योगसमूहानं कंपनी घेतली. तीही २०२४ मध्ये पुन्हा दिवाळखोरीत, दुकानं बंद. तेव्हा ना बिशप होते ना सोवळं. म्हणजे दुखणं मालकीचं नव्हतंच, धंद्याचं होतं.

सांजवारा
किंवा बिशप गेले म्हणूनच आणखी दहा वर्षं निघाली, असंही म्हणता येईल.

पापडीचा_पोरगा
गुरुजी, यावर बोला आता.