कीपर, राखीव की खोडवा?

जर्सीवासी:
आमच्या ऑफिसात बारा जणांची फँटसी बेसबॉल लीग आहे. मार्चमध्ये लिलाव होतो. प्रत्येकाच्या हातात लुटुपुटीचे २६० डॉलर, त्यात २३ खेळाडू घ्यायचे आणि मग सप्टेंबरपर्यंत त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या आकड्यांवर आपले गुण. ही पद्धत १९८० साली डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी न्यूयॉर्कच्या एका फ्रेंच रेस्टॉरंटात जेवता जेवता काढली. त्या रेस्टॉरंटच्या नावावरूनच तिला रोटिसरी म्हणतात.

गेल्या रविवारी इस्लामपूरला बाबांशी फोनवर बोलताना म्हणालो, "उद्यापर्यंत चार कीपर ठरवायचेत." बाबा म्हणाले, "चार कीपर? एवढे यष्टिरक्षक घेऊन करणार काय?"

चूक त्यांची नाही. आपल्याकडे कीपर म्हणजे स्टंपामागचा. बेसबॉलमध्ये त्या जागी कॅचर असतो, आणि फँटसीत कीपर म्हणजे हंगाम संपल्यावर लिलावात परत न सोडता पुढच्या वर्षासाठी आपल्याकडेच ठेवलेला खेळाडू. गंमत किमतीत असते. पॉल स्कीन्स हा पिट्सबर्गचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, २०२४च्या मार्चमध्ये मोठ्या लीगमध्ये आलेलाही नव्हता. समजा, तुम्ही तो तेव्हा ३ डॉलरला उचलला. ११ मे रोजी त्याचं पदार्पण झालं आणि वर्षअखेर १.९६ ईआरए (नऊ डावांमागे सरासरी दिलेल्या धावा, जितक्या कमी तितकं बरं) घेऊन तो सर्वोत्तम नवोदित ठरला. आता लिलावात तो कितीला जाईल याची कल्पना करा. तुम्हाला मात्र जुन्याच किमतीत, किंवा आमच्यासारख्या लीगमध्ये वर ५ डॉलर चढवून, ८ला मिळतो.

तर याला मराठीत काय म्हणावं? बाबांना एका शब्दात कळेल असं.

शब्दवेल्हाळ:
राखीव खेळाडू. यात चर्चा कसली?

बारावा गडी:
चर्चा आहे ना! राखीव खेळाडू म्हणजे बाकावर बसणारा, पाणी घेऊन धावणारा. माझं अख्खं कॉलेज त्यात गेलं. जर्सीवासींचे चार तर संघातले सगळ्यात मोलाचे. त्यांना राखीव म्हटलंत तर बाबा विचारतील, खेळवत का नाहीस.

क्रियापद मात्र राखणेच हवं. आपल्या क्रीडापानांवर ते कधीपासून बसलेलं आहे. "भारताचा पाच गडी राखून विजय." तिथे अर्थही जवळचा आहे: हातचे, न गमावलेले. म्हणून मी म्हणेन, "चार गडी राखून लिलावात उतरलो." सुरेख मराठी वाक्य आहे, आजोबांनासुद्धा कळेल.

शब्दवेल्हाळ:
वाक्य सुरेख, पण नाम कुठाय? राखलेला? रक्षित? रक्षित म्हटलं की वनखातं डोळ्यांपुढे येतं.

शिवाय राखीवला बेसबॉलमध्येच आधार आहे. १८७९ साली अमेरिकेतल्या नॅशनल लीगच्या क्लबमालकांनी आपापसांत ठरवलं की प्रत्येक क्लबाने पाच खेळाडू राखून ठेवायचे आणि त्यांना बाकीच्यांनी हात लावायचा नाही. हाच तो रिझर्व्ह क्लॉज. पुढे तो सगळ्याच खेळाडूंना लागू झाला आणि करार संपला तरी माणूस क्लबाचाच राहू लागला. कर्ट फ्लड या खेळाडूने त्याविरुद्ध दावा लावला, १९७२मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात तो हरला. १९७५च्या डिसेंबरात मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोन पिचरांच्या प्रकरणात लवादाने निकाल दिला तेव्हा कुठे ती साखळी तुटली. म्हणजे खऱ्या खेळात जे माणसांना जाचक म्हणून गेलं, ते तुम्ही लोक हौसेने खेळता आहात.

जर्सीवासी:
हे असं कधी पाहिलं नव्हतं. लीगच्या ग्रुपवर सांगितलं तर दोघे तरी चिडतील. पण तुमच्याच दाखल्यावरून राखीव आणखी नको वाटायला लागलं.

मंडईवाली:
मग सरळ "ठेवलेला" म्हणा की. 😄

बारावा गडी:
ताई, बाबांशी फोनवर बोलायचंय त्यांना.

रोजचा पेपर:
एवढं लांब कशाला जायचं? आयपीएलमध्ये हेच चालतं. ३१ ऑक्टोबर २०२४ला यादी आली तेव्हा सगळीकडे "रिटेन" आणि "कायम राखले" हेच शब्द होते. धोनीला चेन्नईने ४ कोटींत कायम राखलं, तेही अनकॅप्ड (म्हणजे देशाकडून न खेळलेला) म्हणून, कारण पाच वर्षं आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्यांसाठी नियमच तसा केला होता. स्वस्तात मोठा खेळाडू ठेवायचा, तुमच्या कीपरसारखंच.

जर्सीवासी:
अर्धंच जुळतं. तिथे राखायची किंमत मंडळाने ठरवली होती आणि २०२४ला पहिल्या खेळाडूसाठी तर १८ कोटी ठरले होते. आमच्याकडे किंमत मी पहिल्या वर्षी काय बोली लावली होती तिच्यावरून ठरते. आणि "कायम"ची मला अडचण आहे, कारण कायम काहीच नसतं. रोटिसरीच्या मूळ नियमांत पहिली दोन वर्षं त्याच पगारावर, तिसरं पर्यायाचं, आणि ते संपलं की सोडायचा. त्याहून जास्त हवा असेल तर तिसरं वर्ष सुरू होण्याआधीच लांबचा करार करायचा, वाढीव दर वर्षामागे ५ डॉलर चढवून. आमच्याकडे लांबचा करारही नाही, तीन वर्षं झाली की सुट्टी.

फडकरी:
उसाच्या पट्ट्यातल्या इस्लामपूरचे बाबा म्हणालात आणि अजून शब्द शोधताय? अहो, खोडवा!

ज्यांनी ऊस फक्त रसवंतीवर पाहिलाय त्यांच्यासाठी: पहिल्या वर्षी बेणं लावून घेतो ती लागण. ऊस तोडला की बुडखे जमिनीत राहतात, त्यातून परत फुटवे येतात, तो खोडवा. त्याच्यानंतरही तेच रान ठेवलं तर निडवा. खोडव्याला बेण्याचा खर्च नाही, नांगरट नाही, म्हणून स्वस्त पडतो. तुमचं गणित हेच आहे ना? लिलावातली पैशाची लागण एकदाच, पुढची दोन पिकं त्याच बुडख्यावर.

शब्दवेल्हाळ:
तीन वर्षांना तीन तयार शब्द! हरलो. एकच शंका, खोडव्याचा उतारा लागणीपेक्षा कमी येतो ना? कीपर तर पुढच्या वर्षी वाढेल म्हणून ठेवतात.

फडकरी:
हयगय केली तर कमी येतो. लोक खोडवा म्हणजे फुकटचं पीक समजतात, खत उशिरा टाकतात, पाचट पेटवून देतात. बुडखे वेळेवर छाटले, पाचट सरीत ठेवलं, नांग्या (मधल्या रिकाम्या जागा) भरल्या तर लागणीच्या तोडीचा येतो. निडव्याचं मात्र मी सांगणार नाही. तिथे जमिनीचं नशीब.

मंडईवाली:
आणि ते सगळा संघच वर्षानुवर्षं ठेवतात, डायनास्टी का काय, ते?

फडकरी:
ते वतन. त्याला शेतीतला शब्द नको, तलाठ्याकडे विचारा.

बारावा गडी:
माझे पाच गडी राखून पराभव मान्य. जाता जाता एक: राखणे हे रक्ष् वरून, आणि चुलीतली राख रक्षा वरून. रक्षाविसर्जनातली ती हीच. कीपर मोडला की दोन्ही एकदम आठवतील.

जर्सीवासी:
आठवली. २०२२मध्ये रोनाल्ड अकुन्या २१ डॉलरला घेतला होता. आदल्या जुलैत त्याचा उजवा गुडघा गेला होता, म्हणून लोक कचरत होते. लागण बेताची. २०२३ला ४१ होमरन (आपले षटकार समजा), ७३ स्टील (चोरून गाठलेले बेस), आणि एमव्हीपी, म्हणजे सगळ्यात मोलाचा खेळाडू. असा खोडवा आमच्या लीगने पाहिलेला नाही. २०२४ला अर्थात परत ठेवला. २६ मे रोजी डावा गुडघा गेला. ४९ सामने, ४ होमरन.

काल हे सगळं बाबांना ऐकवलं. बेसबॉल काय हे त्यांनी अजूनही विचारलेलं नाही. म्हणाले, "निडवा ठेवायच्या आधी मला फोन करायचा होतास."