मदत हवी आहे: मोडक्या कुदळीतून किती लोखंड परत द्यावं?

नमस्कार मंडळी. दारव्ह्याजवळच्या खेड्यातून लिहितोय. लुआंटी (पूर्वीचं माइनटेस्ट) या ठोकळ्यांच्या खेळासाठी शेतीचा एक मॉड, म्हणजे खेळात घालायची भर, करतोय. सर्व्हर जुन्या लॅपटॉपवर. चुलतभाऊ धरून आम्ही पाच जण हॉटस्पॉटवर खेळतो, लाइन असली की.

मूळ खेळात हत्याराची झीज 65,535 च्या पुढे गेली की ते गायबच होतं. हे मला काही पटेना. आमच्याकडे वखराची पास (लोखंडी पातं) झिजली म्हणून कोणी धुऱ्यावर फेकून देत नाही. म्हणून आफ्टर-यूजमध्ये (हत्यार वापरल्यावर चालणारा कोड) झीज स्वतः मोजतो आणि शेवटी हातात मोडकं हत्यार ठेवतो. ते भट्टीत टाकलं की लोखंड परत.

घोळ इथेच आहे. कुदळीला लोखंडाच्या 3 लगडी लागतात. आधी मी 2 परत दिल्या. 90 लगडींत 30 कुदळी व्हायच्या, त्या फिरवून फिरवून 88 झाल्या, कागदावर मोजलं. पोट्ट्यांनी खाणीत उतरणंच सोडलं! 1 परत दिली तर 44 होतात, ते चालण्यासारखं. पण फावड्याला मुळात एकच लगड. तिचा तिसरा हिस्सा खाली धरला तर शून्य, वर धरला तर फावडं जन्मभर फुकट. माइनक्राफ्टमध्ये लोखंडी हत्यार वितळवलं की एक तुकडा मिळतो आणि 9 तुकड्यांची लगड होते. तसं केलं तर आमच्यातलं कोणी भट्टीच पेटवणार नाही.

दोन झिजकी हत्यारं जोडून एक करायची सोयही होती, तिच्यावर वरून 2 टक्के बोनस. ती मी बंद केली. भाऊ दोन दिवस बोलला नाही.

कसं बसवू?

प्रतिसाद: भाऊ, तू वितळवतोस काऊन? लोखंड वितळायला 1538 अंश लागतात, गावच्या भात्यावर ते होत नाही. लोहार लाल करतो अन् ठोकतो. माझ्या आज्याकडं मोडक्या पाशीचं खुरपं व्हायचं. तसंच कर. मोडकी कुदळ अन् कोळसा दिला की 2 लगडींची तलवार, मोडक्या तलवारीचं फावडं, मोडक्या फावड्याचं काहीच नाही. लगड परत द्यायचीच नाही, मग अपूर्णांकही नाही अन् चक्रही नाही.

धागाकर्ता: बाप्पा, हे डोक्यातच आलं नव्हतं! रात्री लावून पाहिलं. खाणीत परत गर्दी. फक्त फावडी इतकी साठली की पेटी भरली. फावड्याऐवजी विळा ठेवू का? कापसाच्या गावात विळ्याला काम काय द्यावं, तेही सुचवा.

प्रतिसाद: तुरी सोंगायला दे की.